हिनाच्या रेशमाची लड

सोमवार, २९ सप्टेंबर

आज ग्लेनिसने बातमी आणली. ग्लेनिस वसईची, आमच्या क्लिनिकच्या काउंटरवर माझ्या शेजारी बसते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज पहिल्यांदा त्याचा मला उपयोग झाला.

इथे बहरीनलाच, अदलिया भागातल्या एका व्हिलामध्ये कुणी जपानी बाई रेशीम विणायला शिकवणार आहे. दर शनिवारी, थंडी पडेपर्यंत. ग्लेनिसने नाव घातलंय. आणि हिनानेही.

हे नाव ऐकलं आणि समोरच्या पेशंटचा सीपीआर, म्हणजे इथल्या ओळखपत्राचा नंबर मी दोनदा चुकीचा टाकला.

हिना माझी मैत्रीण होती. मुहर्रकला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. माझी मुलगी तय्यबा तिच्या हातचं जेवून मोठी झाली, कारण माझी ड्यूटी असायची आणि हिनाला स्वतःचं मूल नव्हतं. पुढे ती सनाबिसला राहायला गेली. तिच्या बहिणीचा मुलगा ओवैस सीफला नोकरीला लागला आणि तिच्याकडेच राहू लागला. तय्यबासाठी त्याचं स्थळ तिनेच आणलं. साखरपुडा झाला, हॉल ठरला, खेडहून माझ्या भावांनी तिकिटं काढली. आणि रमजानच्या तोंडावर हिनाच्या बहिणीचा गावाहून फोन आला की हे लग्न होणार नाही. कारण विचारलं तर म्हणे, हिनाचं मत पडलं. मुलगी सोन्यासारखी आहे, पण मुलीची आई भांडखोर आहे, पुढे निभायचं नाही.

भांडखोर. मी.

अख्ख्या बहरीनमधल्या आपल्या माणसांत ही गोष्ट फिरली. त्यानंतर मी एकाही लग्नाला गेले नाही. ज्या दोघींनी खोदून विचारलं त्यांच्याशी बोलणं सोडलं. वरच्या मजल्यावरच्या बाईशीही सोडलं, कारण ती जिन्यात हसली. ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती म्हणतात. असेल.

मी पण नाव घातलंय.

गुरुवार, २ ऑक्टोबर

रात्रीच्या जेवणाला यांना सांगितलं. फारुख तीस वर्षं हार्डवेअरच्या दुकानात आहेत, सगळ्या गोष्टी मापून बोलतात. म्हणाले, तुला शर्टाचं बटण लावायचा कंटाळा, तू रेशीम विणणार? मी म्हटलं, हिना येतेय. त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "नुसरत, सोड आता."

कसं सोडायचं? बापाला काय कळणार. मुलगी ठरलेलं लग्न मोडून घरात बसली आहे. बसली म्हणजे कामाला जाते, एअरपोर्टवर चेक-इन काउंटरला. पण माझ्या मनात ती बसलेलीच आहे. आत खोलीत युनिफॉर्मला इस्त्री करताना गुणगुणत होती. लग्न मोडल्यापासून ती फार गुणगुणते. वजनही थोडं वाढलंय. लोक म्हणतात सावरली. मी आई आहे, मला कळतं. दुःख गिळायला शिकली आहे पोर.

हिनाचं नाव ऐकून ती खोलीच्या दारात आली. म्हणाली, "मम्मा, प्लीज डोन्ट गो देअर टू फाइट." मी म्हटलं, मी कधी कुणाशी भांडते का? ती परत आत गेली.

शनिवार, ४ ऑक्टोबर

पहिला दिवस. पार्किंगसाठी गल्लीत चकरा मारून घामाघूम झाले. ऑक्टोबर लागला तरी ऊन हटत नाही.

व्हिलाच्या वरच्या मजल्यावर लांब खोली आहे, तिथे लाकडाचे छोटे माग मांडलेत. बाईंचं नाव चिएको. नवरा इथल्या कुठल्याशा कंपनीत आहे. बारीक अंगाच्या, केस पिकलेले आणि आखूड. इंग्लिश सावकाश बोलतात, प्रत्येक शब्द आधी धुऊन घेतल्यासारखा. त्यांनी रेशमाचा कोष हातात दिला. हलवला की आत सुकलेला किडा खुळखुळतो. एका किड्याचा एकच धागा असतो, म्हणाल्या, तोडला नाही तर संपतच नाही.

हिना आधीच आली होती. खिडकीजवळच्या मागावर तिने पर्स ठेवली होती. मी सरळ जाऊन त्याच स्टुलावर बसले. तिने काही न बोलता पर्स उचलली आणि पलीकडच्या मागाकडे गेली. मग सलाम केला. सलामाचा जवाब न देणं गुनाह आहे, म्हणून दिला, पण इतका हळू की फरिश्त्यांनीच ऐकला असेल.

ती थकल्यासारखी दिसते. मला बरं वाटलं.

आम्ही जे शिकणार ते कासुरी. उभे धागे, म्हणजे ताणा, बाईंनी मागावर आधीच चढवून ठेवलाय. आडवे धागे, म्हणजे बाणा, आपण तयार करायचा. पांढऱ्या रेशमाची लड घ्यायची, नक्षीप्रमाणे खुणा करायच्या आणि त्या खुणांवर सुती दोरा गच्च गुंडाळायचा. मग लड निळीत बुडवायची. जिथे दोरा गच्च तिथे रंग पोचत नाही, तेवढं पांढरं राहतं. विणताना ते पांढरे तुकडे एकाशेजारी एक बसतात आणि चित्र उमटतं. एक धागा विणून काही कळत नाही, दहा विणले की कळतं. मला हे आवडलं. कुणाच्या नकळत आधी तयारी करायची आणि मग एकदम उघड्यावर आणायचं.

प्रत्येकीने आपली नक्षी काढायची होती. मी सरळ चौकोन काढले. ग्लेनिसने क्रॉस. हिनाने गलबतं काढली, शिडांची, एकामागे एक, आपल्या खाडीत असायची तशी. चिएकोबाई तिच्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, अवघड आहे, पण करू.

रविवार, ५ ऑक्टोबर

हिनाने चहाबरोबर सर्वांसाठी सांदणं आणली होती, ते काल लिहायचं राहिलं. मी खाल्लं नाही. घरी येऊन स्वतः करायला घेतली, नीट फुगली नाहीत. तय्यबाने दोन खाऊन तिसरं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, हिना खालासारखी नाहीत.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज लडीवर दोरा बांधायचा होता. कंटाळवाणं आणि बोटं सोलणारं काम. दोरा ओढायचा, दातात धरायचा, परत ओढायचा. मी चौकोन काढून शहाणपणा केला. हिनाच्या गलबतांना किती तरी जास्त गाठी. तिच्या तर्जनीतून रक्त आलं. चिएकोबाईंनी पट्टी लावून दिली, पण तिने काम थांबवलं नाही.

ग्लेनिसने तिला विचारलं, एवढं कशासाठी करतेस? मी मान खाली घालून ऐकत होते. हिना म्हणाली, ओवैसचं लग्न आहे डिसेंबरात. मुलगी श्रीवर्धनची. तिच्यासाठी ओढणी होईल एवढं कापड नाही होणार, पण बुगडी-झुमके ठेवायला बटवा तरी शिवेन.

म्हणजे माझ्या मुलीला नाकारून जी आणली तिच्यासाठी. आणि हे तिने माझ्या देखत सांगितलं, आवाजही न बदलता.

घरी येताना पुलावर पुढच्या गाडीवाल्याला मी इतका हॉर्न मारला की त्याने काच खाली करून मागे पाहिलं. काहीतरी करायला हवं. नुसतं तिच्या समोर बसून ती लाजणार नाही. तिला लाज नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

तय्यबा संध्याकाळी किचनमध्ये आली. मी मासे साफ करत होते. म्हणाली, मम्मा, त्या सगळ्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय, खूप दिवसांपासून. तिचा चेहरा पडला होता. ती रडेल आणि मग मीही, असं वाटलं. म्हटलं, जाऊ दे बेटा, जे झालं त्याची आठवण काढायची नाही, तुझ्यासाठी मी आहे, मी बघून घेईन. ती म्हणाली, "दॅट्स व्हॉट आय मीन." मी म्हटलं, ओवैसपेक्षा शंभर पटीने चांगला मिळेल. तेवढ्यात माशाचा काटा बोटात गेला. ती परत तिच्या खोलीत गेली.

किती सोसते पोर माझी. हिना, तुझ्याकडून मी हे वसूल करीन.

शनिवार, १८ ऑक्टोबर

केलं.

गाठी बांधायचं काम आज संपलं. सगळ्या लडी चिएकोबाईंनी भिंतीजवळच्या दांडीवर अडकवून ठेवल्या, पुढच्या शनिवारी रंगवायच्या म्हणून. आम्ही खाली उतरलो. गाड्यांपाशी पोचल्यावर मी म्हटलं, माझा चष्मा वर राहिला, आणि परत गेले. चिएकोबाई मागच्या बाल्कनीत फोनवर होत्या. दांडीवर हिनाची लड शेवटची.

गाठ सोडली असती तर लगेच दिसलं असतं. मी फक्त नखाने दोऱ्याची गुंडाळी सैल केली. एकेक. वरून बघितलं तर बांधलेली, आतून ढिली. दोरा ओढताना तिचं बोट फुटलं होतं, एका गाठीवर तांबूस डाग होता. तीही सैल केली.

हात कापले नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. मला वाटलं होतं कापतील.

खाली आले तर हिना तिच्या गाडीत बसून होती, गाडी सुरू करून. मी हात केला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तिने नुसतं पाहिलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज यांनी विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना, जेवत नाहीस. मी जेवतेय. जिलबी आणली होती तीही खाल्ली. फक्त उद्या लवकर यावा असं वाटतंय.

शनिवार, २५ ऑक्टोबर

निळीच्या पिंपाला कुजकट वास येतो. चिएकोबाईंनी गच्चीवर सावलीत पिंपं ठेवली होती. लड बुडवून बाहेर काढली की आधी हिरवी दिसते, शेवाळासारखी. मग वारा लागतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत ती निळी होत जाते. हे बघताना मी क्षणभर कशासाठी आलेय तेच विसरले. ग्लेनिस तर टाळ्या वाजवायला लागली.

मग लडी धुतल्या, पिळल्या आणि दोरे कापायला बसलो. माझे चौकोन आले, थोडे वाकडे, पण पांढरेशुभ्र. ग्लेनिसचे क्रॉस आले.

हिनाने पहिली गाठ कापली. खाली पांढरं नव्हतं. दुसरी कापली. फिकट निळा ओघळ, कापडावर पाणी सांडावं तसा. ती कापत राहिली. कात्री चालण्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटची गाठ कापून झाली तेव्हा तिच्या मांडीवर नुसती डागाळलेली निळी लड होती. गलबत एकही नाही.

चिएकोबाईंचा चेहरा उतरला. त्या वाकून माफी मागत राहिल्या, मी तपासायला हवं होतं, चूक माझी. पुन्हा सगळं करायला आता वेळ नाही, तेवढं रेशीमही नाही. हिना त्यांना म्हणाली, तुमची चूक नाही. मग तिने वर पाहिलं, सरळ माझ्याकडे. बराच वेळ. तिला माझ्याकडून दिलासा हवा होता बहुतेक. मी माझ्या चौकोनांकडे बघत बसले.

येताना मी गाडीत मोठ्याने हसले. खरंच हसले. मुहर्रकचा पूल लागला तेव्हा एक विमान अगदी डोक्यावरून उतरलं आणि मला वाटलं, आता तय्यबाचं सगळं नीट होईल.

शनिवार, १ नोव्हेंबर

आजपासून विणकाम. पायाखालची पट्टी दाबली की ताण्याचे धागे वर-खाली होतात, मधून धोटा सरकवायचा, फणी ओढून धागा ठोकायचा. परत पट्टी. माझे चौकोन उमटायला लागले. चिएकोबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून छान म्हटलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी चांगलं म्हटल्याचं आठवत नाही.

हिना येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. तीच डागाळलेली लड धोट्यात भरून विणत बसली. ठक, ठक, ठक. माझ्यापेक्षा तिचा ठोका सारखा पडत होता. तिच्या कापडात ढगाळ काहीतरी दिसतं, बाकी नाही. ती तक्रार का करत नाही? रडली असती, रागावली असती, कुणावर संशय घेतला असता, तर मला माझं मिळालं असतं.

चहाला तिने खाजं आणलं होतं. ग्लेनिसला दिलं, चिएकोबाईंना दिलं. मला द्यायची विसरली. विसरली असेल.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज घडलेलं आहे तसं लिहिते. माझी बाजू नंतर.

तय्यबा सकाळच्या शिफ्टवरून दुपारी आली. मी रजा घेतली होती. तिच्या आवडीची कोलंबी केली होती, कारण तिला सांगायचं मनात होतं. हे एकटीने बाळगून मला झोप लागत नव्हती. जेवताना सांगितलं. सगळं, चष्म्यापासून कात्रीपर्यंत. मला वाटलं ती आधी रागावेल आणि मग गळ्यात पडेल.

ती जेवायची थांबली. म्हणाली, "यू डिड व्हॉट?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी केलं. तिने तुझं आयुष्य मोडलं.

"मम्मा, शी डिडन्ट. हिना खालाने काही नाही केलं. मी केलं."

मला कळलं नाही. तिने हात धुतले, परत येऊन बसली आणि मराठीत बोलायला लागली. तिचं मराठी अडखळतं, म्हणून एकेक शब्द माझ्या लक्षात आहे.

"मला ओवैसशी लग्न नव्हतं करायचं. तो चांगला आहे, पण मला नव्हतं करायचं. मी तुला सांगितलं होतं. साखरपुड्याच्या आधी पण सांगितलं, नंतर पण. तू म्हणालीस सगळ्या मुलींना असं वाटतं. मग मी हिना खालाकडे गेले. मी रडले. ती म्हणाली, तू नाही म्हणालीस तर तुझं नाव खराब होईल, मी म्हणते."

मी विचारलं, आणि मी भांडखोर आहे, हे?

ती टेबलावरचं पाणी पुसायला लागली. मी परत विचारलं.

"ते पण मीच सांगितलं. खाला म्हणत होती की कारण काय देऊ. मी म्हटलं, सांग की माझी मम्मा भांडते. कुणी दुसरं विचारणार नाही. सगळे मानतील."

सगळे मानतील.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्या अरबी म्हातारीने भिंतीवर थापा मारल्या, एवढं पुरे. तय्यबाने सगळं ऐकून घेतलं, मग पर्स उचलली आणि हिनाला जाऊन सांगते म्हणाली. कोलंबी तशीच राहिली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मला सांगितलं नाही. तिच्याकडे गेली, रडली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं असेल. माझं दूध पिऊन मोठी झालेली माझी मुलगी, आणि मला कसं टाळायचं हे त्या दोघी बसून ठरवत होत्या. हिनाने स्थळ मोडलं असतं तर परवडलं असतं. हे त्याहून वाईट आहे. आणि याचा बदला कशाने घेणार? याला कुठली गाठ सैल करू?

यांना सांगितलं. यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, आता आधी हिनाकडे जा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

अदलियाला लवकर पोचले. हिना गाडीतून उतरत होती. मी समोर जाऊन उभी राहिले. येताना पुलावर वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

ती म्हणाली, तय्यबाने सांगितलं सगळं, आता कशाला आलीस?

"तू मला सांगायचं होतंस," मी म्हटलं. "मी इतके महिने तुला शिव्याशाप देतेय. तू ऐकून घेतलंस."

"पोरीला जबान दिली होती." तिचा आवाज चढला नाही. "माझ्या बहिणीनेही मला ऐकवलं, ठरलेलं मोडलंस म्हणून. तिचंही ऐकून घेतलं."

मी विचारलं, लड मी बिघडवली हे तुला तय्यबाने सांगेपर्यंत माहीत नव्हतं ना?

"दोरे कापले तेव्हाच कळलं. त्या दिवशी चष्मा घ्यायला वर गेलीस ना, तेव्हा चष्मा तुझ्या डोक्यावर होता, नुसरत."

मी खरंच डोक्याला हात लावला. आजही तिथेच होता. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, बोलले असते तर तू भांडली असतीस, आणि भांडणात तुझ्या मुलीचं नाव माझ्या तोंडून निघून गेलं असतं.

मग मी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, नीट जमली नाही. माझी लड घे, माझे चौकोन घे, असंही काहीतरी म्हटलं.

हिना म्हणाली, "मला काय वाटेल ते बोलली असतीस तर मी सोडून दिलं असतं. ते रेशीम मी त्या श्रीवर्धनच्या पोरीसाठी बांधलं होतं. ती तुला ओळखतही नाही. तिने काय केलं होतं गो तुझं?"

मी डोक्यावरचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला.

"मी माफ नाही करणार. तय्यबा माझ्या घरी कधीही येईल. तू येऊ नकोस."

आणि ती जिना चढून गेली.

मी गाडीत बसून राहिले. परत घरी यायला निघालेही होते. मग वाटलं, आता पळाले तर तीही माझ्याबद्दल एक गोष्ट होईल आणि ती मात्र खरी असेल. वर गेले. सगळ्या माग चालवत होत्या. मी चिएकोबाईंना इंग्लिशमध्ये सांगितलं की हिनाच्या गाठी मी सैल केल्या होत्या, तुमची चूक नव्हती. माग थांबले. ग्लेनिसचं तोंड उघडं राहिलं.

चिएकोबाईंना आधी कळलं नाही, मी परत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाला तरी मारून आलेय. मग त्या हिनाकडे वळल्या आणि विचारलं, हिला जायला सांगू का? हिना फणी ओढत म्हणाली, राहू दे, तिचं तिने पुरं करावं.

चिएकोबाईंनी माझा माग खिडकीजवळून उचलून दाराजवळ ठेवला. मी विणलं. दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

क्लिनिकमध्ये सगळ्यांना माहीत झालंय. ग्लेनिसला मी बोलू नकोस असं सांगितलं नव्हतं, सांगून उपयोग नव्हता. फार्मसीतली मुलगी मला पाहून दुसऱ्या दाराने गेली. जमातीतही पोचलं असेल. आता जो तो म्हणेल, हिना बरोबर सांगत होती.

तय्यबा घरी असते, जेवते, कामाला जाते. "पास द सॉल्ट" म्हणते. मी मीठ देते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

माझं कापड मागावरून उतरलं. हातभर. चिएकोबाईंनी कात्री माझ्या हातात दिली, ताणा स्वतःच कापायचा असतो. हिनाचंही उतरलं. ग्लेनिस म्हणाली, बघ तरी, पावसाळी आभाळासारखं दिसतंय. हिनाने घडी घालून पिशवीत टाकलं आणि म्हणाली, आभाळ नव्हतं काढायचं मला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

जुम्याची नमाज झाल्यावर हे झोपले. तय्यबा म्हणाली, चल मम्मा, समुद्राकडे जाऊ, मी चालवते. इतक्या दिवसांत तिने मला कुठे चल म्हटलं नव्हतं. मी चपला घातल्या.

तिने गाडी पाण्याच्या कडेला उभी केली. लोक मुलं घेऊन आले होते, कुणी मासे धरत होतं. हवा आता खूप छान झालीये. तिने समोर बघत बोलायला सुरुवात केली. मस्कतला एका एअरलाइनमध्ये ट्रेनिंगसाठी तिची निवड झालीये. विमानांची उड्डाणं आखायचं काम. इंटरव्ह्यू झाला तोही मला माहीत नव्हता. जानेवारीत जायचं. राहायला दोन मुलींबरोबर फ्लॅट. लग्नाचं नंतर बघेन, म्हणाली, कदाचित बघणारही नाही.

माझ्या जिभेवर सगळं आलं. एकटी मुलगी. परका मुलूख. लोक काय म्हणतील, आधीच काय कमी म्हणतायत. कोण त्या दोन मुली. मी पदर मुठीत धरला आणि तोंड बंद ठेवलं. हे लिहायला सोपं आहे. तिथे बसून मला घाम फुटला होता.

ती बोलायची थांबली. ती म्हणाली, "से समथिंग, मम्मा."

मी एकच विचारलं. "हिनाला सांगितलंस हे?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. वाटलं आता ती रागावणार. पण ती म्हणाली, "नाही. तुलाच पहिल्यांदा."

मला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली. हिना अजून मला माफ करत नाही, करणारही नाही, आणि मीही तिला पूर्ण केलं असं नाही. पण ही बातमी सनाबिसला अजून पोचली नव्हती. ती माझ्याकडे होती, माझ्या गाडीत, माझ्या शेजारी.

मी हो म्हटलेलं नाही. तिलाही तसं वाटू दिलं नाही. खिडकीची काच खाली केली, पदर सोडला आणि म्हटलं, "पुढे सांग."